दादोबा पांडुरंग : इंग्रजी उच्चार आणि मराठीचे व्याकरण

सुरत शहराच्या उत्तरेला कतारगाम हा भाग आहे. आज हे नाव घेतले की हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आणि पोटासाठी सौराष्ट्रातून आलेले कारागीर डोळ्यांपुढे येतात. जुन्या सुरतेच्या तटाला या गावाच्या दिशेने एक दरवाजा होता. त्या कतारगाम दरवाज्याच्या बाहेर इंग्रजांची जुनी दफनभूमी अजून उभी आहे. तिथली थडगी लांबून पाहिली तर मोगल सरदारांची वाटावीत, इतके त्यांचे घुमट आणि खांब इथल्या मातीतले आहेत. त्यांतले सर्वांत भव्य थडगे ख्रिस्तोफर आणि सर जॉर्ज या ऑक्झिंडेन बंधूंचे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांची वखार ज्याने राखली, तोच हा जॉर्ज ऑक्झिंडेन. १६६९ साली तो सुरतेतच वारला.

इंग्रजांचे हेक्टर नावाचे जहाज सुरतेच्या बंदरात लागले ते १६०८ साली. तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे इंग्रज या शहरात राहिले, व्यापार करीत राहिले, मेले आणि कतारगाम दरवाज्याबाहेर पुरले गेले. पण या सगळ्या काळात सुरतेच्या माणसाला इंग्रजी बोलण्याची गरज क्वचितच पडली. व्यवहार चालत तो फारसीत, गुजरातीत आणि, गोमंतकीय वाचकाला गंमत वाटेल, बंदरोबंदरी रुळलेल्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये. मधल्या मध्ये दलाल आणि दुभाषी असत. ऑक्झिंडेन घराण्यातलाच हेन्री १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या वतीने बोलणी करणाऱ्यांत नारायण शेणवी हा दुभाषी होता. समोरच्याची भाषा शिकण्याचे ओझे एका माणसाने वाहावे आणि बाकीच्यांनी आपापल्या भाषेत सुखाने नांदावे, अशी ती व्यवस्था होती.

कंपनीचे राज्य आले आणि ही व्यवस्था उलटली. आता इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा झाली आणि तिचे ओझे प्रत्येक होतकरू मुलाच्या जिभेवर येऊन पडले. सुरतेत सरकारी इंग्रजी शाळा उघडली ती १८४२ च्या सुमारास, म्हणजे पहिले इंग्रज जहाज आल्यानंतर तब्बल सव्वादोनशे वर्षांनी. त्या शाळेच्या आरंभीच्या शिक्षकांत मुंबईहून आलेले एक मराठी गृहस्थ होते. वय तिशीच्या आत. पण मराठीचा व्याकरणकार म्हणून नाव आधीच झालेले. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेईपर्यंत तो मुलूख पोर्तुगीज अंमलाखाली होता, हे गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. वडील पांडुरंग, आई यशोदा. घरात विठ्ठलभक्तीचे वातावरण. पुढे १८६५ साली मोरोपंतांच्या केकावलीवर दादोबांनी जी टीका लिहिली तिला त्यांनी आईवडिलांची नावे जोडून यशोदापांडुरंगी असे नाव दिले. बुद्धिवादी म्हणून गाजलेल्या या माणसाच्या मनातला तो हळवा कोपरा चरित्रकाराला विसरून चालत नाही.

शिक्षणाचा आरंभ त्या काळच्या रीतीप्रमाणे पंतोजींच्या शाळेत झाला. धूळपाटी, पाढे, मोडी अक्षर आणि पाठांतर असा तो क्रम. त्यानंतर मुंबईत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिक्षण. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणे म्हणजे एका ध्वनिविश्वातून दुसऱ्यात जाणे होते, आणि त्या पिढीला हा प्रवास कसा झाला असेल हे आज ध्यानात येणे कठीण आहे. आजच्या मुलाच्या कानावर इंग्रजी अहोरात्र आदळते. १८२० च्या दशकात गिरगावातल्या मुलाला इंग्रज माणूस बोलताना ऐकायला मिळे तो क्वचित आणि लांबून. इंग्रजी यायची ती छापील पानावरून, आणि इंग्रजीचे छापील पान उच्चाराच्या बाबतीत अत्यंत अविश्वासू आहे.

मराठी मूल बाराखडी शिकते तेव्हा ते नकळत तोंडाचा नकाशाच शिकत असते. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग जीभ मागे वळवून, त-वर्ग दातांपाशी, प-वर्ग ओठांवर. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैदिक पठणकर्त्यांनी ही मांडणी केली, आणि विल्यम जोन्ससारख्या पंडिताने १७८८ साली आशियाई भाषांच्या लेखनाविषयी निबंध लिहिताना देवनागरीची ही शिस्त मोकळेपणाने वाखाणली. इंग्रजीत असे काही नाही. सव्वीस अक्षरे आणि चाळीसहून अधिक ध्वनी. त्यांतही स्वरांची अक्षरे पाच आणि स्वरध्वनी वीसच्या घरात. तेच अक्षर एका शब्दात एक बोलते, दुसऱ्यात दुसरे, तिसऱ्यात अगदीच गप्प बसते. खुद्द इंग्लंडातल्या लोकांचीही या बाबतीत त्रेधा उडे, म्हणून तर जॉन वॉकर नावाच्या माणसाने, जो पूर्वी नाटकांत कामे करीत असे, १७९१ साली उच्चारांचा कोश रचला आणि पुढची कित्येक दशके तो प्रमाण मानला गेला.

बाराखडीचा नकाशा हाताशी असणे ही सोय होती, तसाच तो सापळाही होता. इंग्रजी टेबल म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी, हिरडीवर टेकते. आपल्या नकाशात ती जागा नाही. आपला त दातांवर, आपला ट टाळूकडे. मराठी कानाने दोहोंपैकी एक निवडायचे ठरवले आणि ट निवडला. त्यामुळे आपले इंग्रजी इंग्रजाच्या कानाला जडशीळ वाटते. व या एका अक्षरात आपण दोन इंग्रजी ध्वनी कोंबतो : एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ नुसते गोल होतात. पेनमधल्या प नंतर इंग्रज एक बारीक फुंकर सोडतो. आपल्याकडे प आणि फ ही निराळी अक्षरे असल्याने ती फुंकर आपण प्रयत्नपूर्वक गाळतो. शब्दातल्या एका अवयवावर जोर देण्याची इंग्रजी सवय तर मराठीला मुळातच अनोळखी. रेकॉर्ड हा शब्द नाम म्हणून वापरला तर आघात आरंभी पडतो आणि क्रियापद म्हणून वापरला तर शेवटी, हे नियम पाठ करून कळते. कानाला कळायला वर्षे लागतात.

स्वरांची गोष्टही अशीच. बँक आणि कॉलेज या शब्दांतले स्वर लिहायला त्या काळच्या मराठीत चिन्हेच नव्हती. एकोणिसाव्या शतकातली जुनी पुस्तके चाळली तर ब्यांक, कालेज, डाक्तर, लार्ड असे लेखन पानोपानी भेटते. ते वाचून आज हसू येते, पण ते अज्ञान नव्हते. आहे त्या अक्षरांत नवा ध्वनी पकडण्याची ती धडपड होती. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. कोकणीत विवृत ए आणि विवृत ओ हे स्वर मूळचेच आहेत. त्यामुळे घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला या इंग्रजी स्वरांसाठी तोंड फारसे वाकडे करावे लागत नाही. घाटावरच्या मुलाला ते करावे लागते.

अशा वाटेने इंग्रजी शिकलेल्या दादोबांनी १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याआधी विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण लिहिले होते, पण ते परकीयांना मराठी शिकवण्यासाठी. दादोबांच्या बरोबरीने इतरांचेही लहानमोठे प्रयत्न चालू होते. तरी मराठी माणसाने मराठी माणसासाठी लिहिलेले आणि पुढे पिढ्यानपिढ्या शाळांतून चाललेले व्याकरण म्हणजे हेच, आणि यासाठीच त्यांना मराठीचे पाणिनी म्हणण्याची प्रथा पडली.

ही उपमा गौरवाची असली तरी थोडी दिशाभूल करणारी आहे. दादोबांच्या समोर पाणिनीइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक, एक दुसरा माणूस होता : लिंडली मरे. हा मूळचा अमेरिकेतला वकील, इंग्लंडात यॉर्क येथे येऊन स्थायिक झालेला. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि ते इंग्रजी जाणू पाहणाऱ्या साऱ्या जगात पसरले. वर्ण, शब्द, वाक्य, छंद असे त्याचे चार भाग. दादोबांनी मराठीसाठी हाच आराखडा पुढे ठेवला आणि त्यात विभक्त्या, समास, संधी हे संस्कृतातले सामान भरले. हा सांधा सगळीकडे नीट बसला नाही. संस्कृतातल्या विभक्त्या मराठीवर चढवताना ओढाताण झाली, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पुढच्या विद्वानांनी त्यावर सविस्तर टीका केली. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ग्रंथापर्यंत हा वाद चालूच राहिला.

परक्या भाषेच्या चौकटीतून आपली भाषा ऐकणे ही गोष्ट गोव्याला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला, इथेच राहिला आणि लॅटिनच्या व्याकरणावर घडलेल्या कानाने त्याने कोकणीचे व्याकरण रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. भारतात कायमचा राहिलेला हा पहिला इंग्रज आपली भाषा कुणाला शिकवायला आला नव्हता. तो इथली शिकला, इतकी की ख्रिस्तपुराण मराठी ओवीत लिहून गेला. स्टीफन्स परभाषेचे ध्वनी ऐकायला शिकला, आणि दादोबा परभाषेचे ध्वनी ऐकून आपल्या भाषेकडे नव्या कानाने वळले. दोघांच्या दिशा उलट, पण काम एकाच जातीचे.

हा नवा कान म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. मराठी माणूस चमचा आणि चंद्र हे शब्द जन्मभर उच्चारतो, पण दोन्हींतला च निराळा आहे हे त्याच्या सहसा लक्षात येत नाही. जग फिरणे आणि पाण्याचा जग, यांतल्या ज-मध्येही तोच भेद. संस्कृतात तो नाही, म्हणून देवनागरीत त्याला निराळे चिन्ह नाही, आणि चिन्ह नाही म्हणून मन तो ध्वनी वेगळा मोजत नाही. घर लिहिताना शेवटी अ असतो आणि बोलताना तो गळतो, हेही तसेच. अक्षर आणि ध्वनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हा धडा देवनागरी शिकवत नाही, कारण तिथे दोहोंत अंतर फार थोडे आहे. इंग्रजी मात्र पहिल्या दिवसापासून तोच धडा देते, आणि फार कठोरपणे देते. इंग्रजीशी झगडलेल्या पिढीतूनच मराठीचे पहिले जाणते व्याकरणकार निघाले, यामागे हे एक कारण असावे असे मला वाटते.

व्याकरण प्रसिद्ध झाले त्या सुमारास दादोबा माळव्यातल्या जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक होते. पुढे मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी अध्यापन केले आणि १८४० च्या दशकाच्या आरंभी ते सुरतेस आले.

सुरतेच्या मुलाला इंग्रजी शिकवणे हे मुंबईच्या मुलाला शिकवण्याहून निराळे होते. सुरती बोलीत स चा ह होतो. सुरत हेच नाव गावात हुरत असे ऐकू येते. त आणि ट यांतले अंतरही तिथे पुसट. जी जीभ घरी स टाळते तिला इंग्रजीतला स आणि श यांचा भेद शिकवायचा, जो कान त आणि ट एकमेकांत मिसळतो त्याला त्या दोहोंच्या मधली तिसरी जागा दाखवायची, आणि हे सारे शिकवणारा माणूस स्वतः मराठी, त्याची गुजराती शिकून आलेली. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही परकी असलेली भाषा वर्गात चालू होती. अशा वर्गात शिक्षकाला एक गोष्ट मिळते जी त्या भाषेत जन्मलेल्याला सहज मिळत नाही : विद्यार्थी कुठे अडखळतो ते त्याला ठाऊक असते, कारण तोही तिथेच अडखळलेला असतो.

पण सुरतेतल्या वास्तव्यात दादोबांचे नाव झाले ते वर्गाबाहेर. तिथे दुर्गाराम मंछाराम मेहता हे गुजराती शाळेचे शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी या नावाने ते गुजरातभर ओळखले जातात. दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे आणखी तिघे मित्र. दुर्गाराम आणि दादोबा धरून पाचांचीही नावे द ने सुरू होत, म्हणून सुरतेत त्यांना पाच दद्दे म्हणत. १८४४ साली या मंडळींनी मानवधर्मसभा स्थापन केली. ईश्वर एक, माणसाची जात एक, आणि मंत्रतंत्राने भूत उतरत नाही, अशी तिची शिकवण. सभेने मांत्रिकांना जाहीर आव्हाने दिली. सभेच्या कामाच्या नोंदी दुर्गाराम ठेवीत. त्यांच्या आधारे महिपतराम रूपराम यांनी पुढे दुर्गारामांचे चरित्र लिहिले. गुजरातच्या सुधारणेचा इतिहास या सभेपासून सुरू होतो आणि त्याच्या पहिल्या पानावर एका मराठी माणसाचे नाव आहे.

ही सभा चालली गुजरातीत, हे विसरता कामा नये. इंग्रजी शिकवायला आलेल्या माणसाने लोकांशी बोलायला लोकांची भाषा घेतली. त्याच काळात मुंबईत त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी उलट वाट धरली होती. १८४१ साली बॉम्बे गॅझेट या इंग्रजी पत्रात एक हिंदू अशा टोपणनावाने त्यांनी पत्रांची मालिका लिहिली आणि कंपनी सरकारने या देशाची कशी नागवण चालवली आहे ते इंग्रजांना त्यांच्याच भाषेत सुनावले. पत्र छापून आले की लिहिणाऱ्याचा उच्चार कुणाला ऐकू येत नाही. ट जड पडला की हलका, व ओठांचा की दातांचा, हे कागद विचारत नाही. समोरासमोर बोलताना नेटिव्हाला जे अडथळे लागत ते छापील मजकुरात लागत नव्हते, आणि भास्कररावांनी त्याचा पुरता लाभ घेतला. दुर्दैवाने ते अकालीच, १८४७ साली, वारले.

१८४६ साली बाळशास्त्री जांभेकरांचे निधन झाले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारा मुंबईचा नॉर्मल क्लास त्यांच्याकडे होता. त्यांच्यामागे तो दादोबांकडे आला आणि ते सुरत सोडून मुंबईस परतले.

ते आले ते एका मोठ्या वादाच्या तोंडावर. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की सरकारने आपला पैसा इंग्रजीतून दिल्या जाणाऱ्या शिक्षणावर खर्चावा. कर्नल जार्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा यांनी १८४७ मध्ये त्याला कडाडून विरोध केला. सर्वसामान्य माणसापर्यंत विद्या पोचायची तर ती त्याच्या भाषेतूनच पोचेल, हे त्यांचे म्हणणे. गोव्याने माध्यमाचा वाद गेल्या काही वर्षांत घराघरातून अनुभवला आहे. त्याची भाषणे ऐकताना पेरी आणि जार्व्हिस यांची आठवण व्हावी, इतके त्यातले मुद्दे जुने आहेत. इंग्रजी येते त्याला नोकरी मिळते हे पेरींच्या बाजूचे सत्य तेव्हाही कुणाला नाकारता येत नव्हते. शंकरशेटांनाही ते मान्य होते. प्रश्न होता तो ज्याला इंग्रजी येणार नाही त्याचे काय करायचे हा.

दादोबांचे काम या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला होते. खेड्यापाड्यांतल्या शाळांत जाऊन मराठीतून शिकवतील असे शिक्षक ते घडवीत होते, आणि त्यांच्या हाती द्यायला त्यांच्यापाशी स्वतःचे व्याकरण होते. १८५० साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्याच वर्षी मेजर कँडी यांनी मराठीतल्या विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध केली. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही आज आपल्याला मराठीचीच वाटणारी चिन्हे त्या काळात इंग्रजीतून आली. बोलण्यात माणूस कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो, कुठे आवाज चढवतो, हे कागदावर दाखवायची सोय झाली.

इथे एक अप्रिय गोष्ट नोंदवणे भाग आहे. नॉर्मल क्लासमधून बाहेर पडलेला शिक्षक गावी गेला तो प्रमाण मराठीचा पट्टा हातात घेऊन. ज्या मुलाच्या घरी पाणी ला पानी म्हणत, शाळा ला साळा म्हणत, त्याच्या जिभेवर आता अशुद्ध असा शिक्का बसला. इंग्रज अधिकारी शिकलेल्या नेटिव्हाच्या उच्चारांना नाके मुरडी. तो शिकलेला नेटिव्ह खेड्यातल्या मुलाच्या उच्चारांना नाके मुरडू लागला. हा दोष एकट्या दादोबांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण प्रमाण भाषेशिवाय छापील पाठ्यपुस्तक आणि सार्वत्रिक शाळा उभीच राहिली नसती. पण व्याकरणाच्या या बाजूकडे त्यांच्या चरित्रात सहसा कुणी पाहत नाही. किनाऱ्यावरच्या बोलींना, आणि कोकणीलाही, या शुद्धाशुद्धाची जी झळ लागली ती गोव्यात निदान वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मुंबईत असताना १८४९ मध्ये परमहंससभा स्थापन झाली. सुरतेच्या सभेचेच हे गुप्त रूप. जातिभेद मोडायचा, पण उघडपणे मोडला तर वाळीत पडायचे भय. म्हणून बंद दाराआड नव्या सभासदाला ख्रिस्त्याच्या भट्टीतला पाव खायला देत आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पाजत. गोमंतकात सकाळ पोदेराच्या भोंग्याने उजाडते. पाव खाणे ही क्रांती असू शकते यावर इथे विश्वास बसणे अवघड. १८६० साली सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. सभेच्या मागची तात्त्विक बैठक दादोबांची होती; त्यांचा धर्मविवेचन हा निबंध सुरतेच्या दिवसांतला, पण छापला गेला १८६८ मध्ये. त्याआधीच्या वर्षी त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज उघडपणे सुरू झाला होता.

१८५२ साली दादोबा डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरला गेले. तिथे भिल्लांचा उठाव शमवण्याच्या कामगिरीबद्दल त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. हा भाग त्यांच्या स्तुतिपर चरित्रांतून मोठ्या अभिमानाने येतो. आजच्या वाचकाला तो तितका सुखाचा वाटणार नाही, आणि वाटू नयेच. माणसाची जात एक असे सुरतेत सांगणारा गृहस्थ डोंगरातल्या भिल्लांसमोर सरकारच्या बाजूने उभा राहिला, हेही त्याच आयुष्यातले आहे.

निवृत्तीनंतर ते पुन्हा पुस्तकांकडे वळले. १८६५ साली शाळांसाठी लघुव्याकरण निघाले. १८७८ साली त्यांचे एक इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. स्वीडनचा गूढवादी लेखक स्वीडनबोर्ग याच्या विचारांवर एका हिंदू गृहस्थाने केलेले हे चिंतन. आयुष्यात कधी इंग्लंडला न गेलेल्या माणसाचे इंग्रजी इंग्लंडातल्या वाचकांपुढे गेले, पुन्हा छापील पानावरूनच.

त्याच वर्षी, १८७८ मध्ये, मुंबईत आत्मारामांच्या घरी कलकत्त्याचा एक सतरा वर्षांचा मुलगा काही आठवड्यांसाठी राहायला आला. विलायतेला जाण्यापूर्वी त्याने इंग्रजी बोलायला आणि तिथल्या रीतिरिवाजांना सरावावे, असे त्याच्या वडीलभावाने ठरवले होते. शिकवायला होती आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा, दादोबांची पुतणी. ती इंग्लंडमध्ये राहून आलेली होती. तर्खडकरांच्या आधीच्या पिढीने वॉकर आणि मरे यांच्या पानांतून जे उच्चार शोधून काढले ते या मुलीने इंग्लंडात कानाने टिपले होते, आणि आता ती ते एका बंगाली मुलाला शिकवीत होती. बंगालीत व नाही, त्याचा ब होतो. आणि अ चा कल ओ कडे. म्हणजे सुरतेच्या वर्गासारखाच इथेही शिकणाऱ्याच्या मायबोलीचा हिशेब पुरा वेगळा. त्या मुलाचे नाव रवींद्रनाथ ठाकूर. त्याने या मुलीला नलिनी असे नाव दिले. अन्नपूर्णा पुढे हॅरल्ड लिटलडेल या प्राध्यापकाशी विवाह करून बडोद्यात राहिली आणि १८९१ साली एडिंबरोत तिचा अंत झाला.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, जिच्यामुळे आज कोणत्याही कोशात इंग्रजी शब्दाचा उच्चार नेमक्या चिन्हांत छापलेला मिळतो, ती प्रथम प्रसिद्ध झाली १८८८ साली. दादोबांना ती पाहायला मिळाली नाही. त्यांनी आपले आत्मचरित्र लिहायला घेतले होते, पण ते सुरतेच्या दिवसांच्या पुढे फारसे गेले नाही आणि अपुरेच राहिले. ते शोधून, संपादून आणि उरलेले चरित्र स्वतः लिहून १९४७ साली प्रसिद्ध केले ते अनंत काकबा प्रियोळकरांनी. फोंडा तालुक्यातल्या प्रियोळ गावच्या या संशोधकाचे मराठीवर जे ऋण आहे त्यातला हा एक मोठा भाग. सुरतेतला काळ, पाच दद्द्यांची मैत्री आणि त्या पिढीचे इंग्रजी शिक्षण यांविषयी आज जे भरवशाने सांगता येते ते बव्हंशी या पुस्तकामुळे.

१८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, दादोबांनी मोठ्या व्याकरणाची पूरणिका प्रसिद्ध केली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बाविसाव्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकात जे राहून गेले होते त्यात ते अजून भर घालीत होते. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते मुंबईत निवर्तले.